हातांच्या तालमीचे उस्ताद : डॉ. झाकीर हुसेन

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या मोहल्ल्यात एखादा तरी कसबी कारागीर असतो. सुतार असेल तर लाकडावर नुसता हात फिरवून तो त्याची जात सांगतो. विणकर असेल तर मागाच्या आवाजावरून कुठला धागा तुटला ते ओळखतो. अशा माणसाला शाळेत नेऊन मुलांपुढे उभे करावे, असे कोणी सुचवले तर पहिला प्रश्न येतो तो दाखल्याचा. त्याच्याजवळ सनद कुठली? उलट शाळेत ज्यांच्याजवळ सनद असते, त्या गुरुजींच्या हाती रंधा दिला तर त्यांचीच पंचाईत होते. ज्याच्या हाती हुनर, त्याच्या हाती कागद नाही. ज्याच्या हाती कागद, त्याच्या हाती हुनर नाही. आपल्या देशातल्या शिक्षणाची ही गाठ फार जुनी आहे.

ही गाठ सोडवण्यासाठी ज्यांनी आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे वेचली, त्या माणसाला आपण सारे भारताचे राष्ट्रपती म्हणून ओळखतो. त्यांची तसबीर आपल्या पुष्कळ शाळांत लावलेली असते. परंतु राष्ट्रपतिपद हा त्यांच्या आयुष्याचा केवळ अखेरचा टप्पा होता. मरहूम डॉ. झाकीर हुसेन हे आधी शिक्षक होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिक्षकांचे शिक्षक होते. त्यांच्या जीवनाची ही बाजू आपल्यापुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

झाकीर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. घराणे आफ्रिदी पठाणांचे, मूळचे उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचे. वडील फिदा हुसेन खाँ वकिली करीत. झाकीर दहा वर्षांचे असताना, १९०७ साली, वडिलांचे छत्र गेले. कुटुंब कायमगंजला परतले आणि मुलाला इटावा येथील इस्लामिया हायस्कूलच्या वसतिगृहात ठेवण्यात आले. १९११ साली प्लेगच्या साथीत आईही गेली. चौदाव्या वर्षी हा मुलगा पूर्ण पोरका झाला. विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी कोणी वसतिगृहात राहून, घरच्या आधाराविना शिकत असेल, तर त्याने हे ध्यानात ठेवावे. इटाव्याचे मुख्याध्यापक सय्यद अल्ताफ हुसेन यांनी या पोरक्या मुलाला साधी राहणी आणि नियमित नमाज यांची सवय लावली. एक चांगला शिक्षक मुलाला किती दूरवर पोहोचवतो, हे झाकीर हुसेन तेव्हाच शिकले असावेत.

पुढे ते अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात दाखल झाले. डॉक्टर व्हावे अशी इच्छा होती, पण आजारपणाने तो बेत मोडला आणि ते अर्थशास्त्राकडे वळले. १९१८ साली पदवी मिळाली. १९२० साली असहकाराचे वारे वाहू लागले. गांधीजी आणि अली बंधू ऑक्टोबर महिन्यात अलीगढला आले आणि सरकारी मदतीवर चालणाऱ्या संस्था सोडण्याचे आवाहन त्यांनी केले. त्या वेळी झाकीर हुसेन पुढचे शिक्षण घेत घेत कॉलेजात शिकवीतही होते. त्यांनी दिल्ली गाठली आणि हकीम अजमल खाँ, डॉ. अन्सारी आणि मौलाना मोहम्मद अली यांना सांगितले की, मुलांना नुसते कॉलेज सोडायला लावून भागणार नाही, त्यांच्यासाठी दुसरी शाळाही उघडली पाहिजे. २९ ऑक्टोबर १९२० रोजी जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. सरकारी मान्यता नाही, अनुदान नाही, पदवीला नोकरीच्या बाजारात किंमत नाही, अशा संस्थेत या तरुणाने आपले नशीब बांधले.

१९२२ साली ते जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठात नामवंत अर्थशास्त्रज्ञ वेर्नर सोम्बार्ट यांच्या हाताखाली अभ्यास करून त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील शेतीव्यवस्थेवर प्रबंध लिहिला आणि १९२६ साली डॉक्टरेट मिळवली. पण जर्मनीतून त्यांनी नुसती पदवी आणली नाही. बर्लिनच्या कावियानी छापखान्यात त्यांनी गालिबच्या दिवाणाची एक देखणी छोटी आवृत्ती १९२५ साली काढली आणि तिच्या जुळणीच्या कामात स्वतः हात घातला. शाईने बोटे काळी करून घेणारा पीएच. डी.चा विद्यार्थी त्या काळच्या आपल्या समाजात विरळाच होता.

त्याच देशात जॉर्ज केर्शेनस्टाइनर यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. म्यूनिक शहराच्या शाळांचे प्रमुख म्हणून केर्शेनस्टाइनर यांनी शाळांमध्ये कार्यशाळा, स्वयंपाकघरे आणि बागा आणल्या होत्या. मूल हाताने विचार करते, नीट केलेले काम मुलाला नीट माणूस बनवते, असा त्यांचा सिद्धांत होता. झाकीर हुसेन यांनी तो पुस्तकातून वाचला, आणि पुढे आपल्या मातीत रुजवण्याचा प्रयत्न केला.

इकडे जामियाची अवस्था बिकट झाली होती. खिलाफत चळवळ ओसरली, देणग्या आटल्या. संस्था बंद करावी, असे बोलले जाऊ लागले. ही बातमी जर्मनीत पोहोचताच झाकीर हुसेन आणि त्यांचे मित्र आबिद हुसेन व मोहम्मद मुजीब यांनी कळवले की, आम्ही आपले आयुष्य या संस्थेला देतो, ती बंद करू नका. १९२५ साली जामिया अलीगढहून दिल्लीच्या करोलबागेत आली, आणि १९२६ च्या फेब्रुवारीत हे तिघे मित्र परतले. वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी झाकीर हुसेन जामियाचे कुलगुरू झाले. १९२७ च्या अखेरीस हकीम अजमल खाँ यांचे निधन झाले आणि संस्थेचा मोठा आधार तुटला. तेव्हा १९२८ साली तेथील शिक्षकांनी शपथ घेतली की, वीस वर्षे आपण संस्थेची खिदमत करू आणि महिना दीडशे रुपयांहून अधिक वेतन कधीही घेणार नाही. प्रत्यक्षात हातात त्याहून कितीतरी कमी पडे, आणि तेही पुष्कळदा वेळेवर नाही.

त्या काळातली एक हकीकत सांगितली जाते. वारंवार सांगूनही मुले मळलेले बूट घालून येत. एके दिवशी मुले दारापाशी येतात तो कुलगुरू स्वतः ब्रश आणि पॉलिश घेऊन बसलेले. मुलांना काय ते उमगले. कुठलेही काम हलके नसते, हा धडा त्यांनी अशा रीतीने घालून दिला. जामियाच्या प्राथमिक शाळेत मुलांचे दुकान होते, मुलांची बँक होती. हिशेब हा विषय तेथे फळ्यावर शिकवण्याआधी गल्ल्यापाशी शिकवला जाई. १९३५ साली ओखला येथे नव्या इमारतीचा पाया घालायचा होता. तेव्हा कोणा बड्या असामीला न बोलावता शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून तो बसवण्यात आला.

आता आपण मुख्य विषयाकडे येऊ. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी आपल्या वर्धा येथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष स्वतः गांधीजी होते. प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच आली होती. मुलांचे सारे शिक्षण एखाद्या उद्योगाच्या आधाराने द्यावे आणि मुलांच्या उत्पादनातून शिक्षकांचा पगार निघावा, असा विचार गांधीजींनी मांडला होता. सभेत झाकीर हुसेन उठले आणि त्यांनी आपले मत स्पष्टपणे सांगितले. उद्योगातून शिक्षण ही कल्पना शिक्षणशास्त्राला सर्वस्वी नवी नाही, ती योग्यच आहे. पण शाळेने स्वतःचा खर्च स्वतः काढावा यावर फार जोर दिला, तर मुलांचे मजूर होतील आणि शिक्षकाचा मुकादम होईल, अशी त्यांची धास्ती होती. वाचकहो, ज्या सभेत गांधीजींच्या शब्दाला सारे मान डोलावतात, तेथे असे बोलायला धैर्य लागते. आणि असे बोलणाऱ्यालाच योजना आखणाऱ्या समितीचा अध्यक्ष नेमण्यात आले, यात दोघांचाही मोठेपणा दिसतो.

समितीत विनोबा भावे होते, काका कालेलकर होते, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, के. टी. शहा, ख्वाजा गुलाम सय्यदैन, आर्यनायकम आणि आशादेवी होत्या. २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे जेमतेम सव्वा महिन्यात, अहवाल तयार झाला. सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून, ही त्याची पायाभूत मागणी. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला दिली होती. सूतकताई व विणकाम, सुतारकाम, शेती, फळे-भाज्यांची बाग, चामड्याचे काम, यांपैकी त्या त्या गावाला साजेल तो उद्योग घ्यायचा होता.

परंतु झाकीर हुसेन यांना पक्के ठाऊक होते की, वेळापत्रक लिहिणे सोपे, ते चालवणारा माणूस मिळणे कठीण. टकळीवर सूत काढता येणारा आणि त्याच सुताच्या आधाराने गणित, भूगोल आणि समाजाचा इतिहास शिकवू शकणारा शिक्षक देशात होता कुठे? त्या वेळच्या नॉर्मल स्कुलांतून बाहेर पडणाऱ्या शिक्षकाने हातात कधी आरी धरलेली नसे. म्हणून अहवालाचा एक मोठा भाग शिक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्ची पडला, आणि तेथे दोन नवे रस्ते आखण्यात आले.

पहिला रस्ता लांबचा, तीन वर्षांचा. त्यासाठी मॅट्रिकपर्यंत शिकलेला उमेदवार चाले. तसेच व्हर्नाक्युलर फायनल होऊन दोन वर्षे शिकवण्याचा अनुभव घेतलेलाही चाले. नीट पाहा, वाचकहो, यात केवढी गोष्ट आहे. कॉलेजात न गेलेल्या गावच्या मास्तरालाही त्याच्या अनुभवाच्या बळावर दार उघडे ठेवले होते. दुसरा रस्ता जवळचा, एका वर्षाचा. तो सध्याच्या शाळांत आधीच काम करणाऱ्या निवडक शिक्षकांसाठी होता, कारण नवी फळी तयार होईपर्यंत तीन वर्षे शाळा थांबणार नव्हत्या. दोन्ही ठिकाणी शिक्षकाने उद्योग स्वतःच्या हाताने शिकायचा होता. कापूस वेचण्यापासून सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे आणि सूत काढणे इथवर. त्याबरोबर बालमानस, आरोग्य, गावाची आर्थिक घडी, मैदानी खेळ, फळ्यावरचे लेखन, नागरी आणि उर्दू या दोन्ही लिप्यांची ओळख, आणि सरावशाळेत प्रत्यक्ष शिकवणे. अशा शिक्षकाला शक्यतो पंचवीस रुपये आणि कोणत्याही परिस्थितीत वीसहून कमी नाही, असा पगार असावा, ही गांधीजींची इच्छाही समितीने उचलून धरली.

१९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली. एप्रिलमध्ये वर्धा येथे विद्यामंदिर प्रशिक्षण शाळा सुरू झाली आणि हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. त्याचे अध्यक्षपद झाकीर हुसेन यांच्याकडे आले. त्याच वर्षी जामियात त्यांनी शिक्षकांसाठी वेगळे विद्यालय उघडले. त्याचे नाव साधे होते, उस्तादों का मदरसा. ज्या संस्थेच्या पदव्यांना सरकार ओळख देत नव्हते, त्या संस्थेने देशाला नव्या प्रकारचे शिक्षक द्यायला घेतले. मराठीत तालीम म्हणजे आखाडा आणि तालीम म्हणजे सराव, तर उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. या मदरशात दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते.

येथे एक दुखरी गोष्टही सांगितली पाहिजे. या योजनेला सर्वांत कडवा विरोध झाला तो आपल्याच समाजातून. अभ्यासक्रमात धार्मिक शिक्षणाला जागा नाही, विद्यामंदिर हे नाव आम्हांला परके वाटते, मुलांना चरख्यावर बसवून एका पक्षाचे राजकारण शिकवले जाईल, अशी टीका झाली. मुस्लिम लीगच्या १९३८ च्या पीरपूर अहवालातही ही गाऱ्हाणी आली. स्वतः नमाज-रोजाचे पाबंद असलेल्या, ज्यांच्या जामियात इस्लामी शिक्षण आवर्जून दिले जात होते, त्या झाकीर हुसेन यांना आपल्याच माणसांचे बोल ऐकावे लागले. त्या टीकेतला सारा भाग खोटा होता असेही म्हणता येत नाही. नावाविषयीची नाराजी समजून घेण्यासारखी होती. पण विणकर, रंगारी, चांभार, सुतार, लोहार यांनी भरलेल्या समाजाने हातांच्या शिक्षणाकडे पाठ फिरवावी, याची खंत आज आपल्याला वाटल्याशिवाय राहत नाही.

मूलोद्योग शिक्षणाची पहिली परिषद ऑक्टोबर १९३९ मध्ये पुण्यात भरली. त्याच सुमारास महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसची मंत्रिमंडळे राजीनामे देऊन बाहेर पडली आणि योजनेचा सरकारी आधार गेला. दुसरी परिषद १९४१ च्या एप्रिलमध्ये जामियानगरला झाली. काम चालू राहिले, पण वेग मंदावला.

१९४६ च्या नोव्हेंबरात जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. देशात दंगली पेटल्या होत्या. अशा वेळी झाकीर हुसेन यांनी जिना, नेहरू, आझाद आणि लियाकत अली यांना एका व्यासपीठावर बसवले, आणि घर जळत असताना आग कोणी लावली याचा वाद न घालता आधी ती विझवा, अशी कळवळून विनंती केली. ती ऐकली गेली नाही. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९४७ मध्ये, काश्मीरकडे जाताना जालंदर स्टेशनवर ते स्वतः जमावाच्या हाती सापडले. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्याने त्यांचे प्राण वाचवले. पाकिस्तानात जाण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. १९४८ साली त्यांनी अडचणीत सापडलेल्या अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरुपद स्वीकारले आणि १९५६ पर्यंत ते सांभाळले.

स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शिक्षण सरकारी धोरण झाले. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना जीवन शिक्षण विद्यामंदिर हे शाळांचे नाव आणि दप्तरातली टकळी आठवत असेल. पण आत्मा हरवला. खेड्यातल्या मुलांना टकळी आणि शहरातल्या मुलांना इंग्रजी, अशी वाटणी झाली, आणि आईबापांना ही शाळा दुय्यम वाटू लागली. शिक्षकांना प्रमाणपत्रे मिळाली, परंतु पुष्कळांच्या हातांत उद्योग मुरला नाही. सूत निघे, त्यातून ज्ञान निघत नसे. झाकीर हुसेन यांनी हे अपयश झाकून ठेवले नाही. आपल्याच योजनेच्या नावाखाली जे चालले आहे ते खरे नव्हे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. त्यांच्या मते हात हलले म्हणजे काम झाले नाही. आधी काय करायचे ते स्पष्ट हवे, मग त्याचा आराखडा हवा, मग मन लावून कृती हवी, आणि शेवटी आपलेच काम आपण कठोरपणे तपासले पाहिजे. या चार पायऱ्या असतील तरच काम शिकवते. नाही तर ती नुसती हमाली.

१९५७ साली ते बिहारचे राज्यपाल, १९६२ साली उपराष्ट्रपती आणि १३ मे १९६७ रोजी भारताचे राष्ट्रपती झाले. या पदावर बसलेले ते पहिले मुसलमान. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले होते. प्लेटोचे रिपब्लिक उर्दूत आणणाऱ्या या विद्वानाने मुलांसाठी अब्बू खाँ की बकरी ही गोष्टही लिहिली. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांना कुठे दफन केले, हे ठाऊक आहे का? जामियाच्या आवारात, आपल्या शाळेच्या कुशीत.

पालक बंधू-भगिनींनो, आता थोडे आपल्याविषयी. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने कामाचा अनुभव शिक्षणात आणायला सांगितले. आपल्या शाळांतला कार्यानुभव हा विषय त्याच विचाराचा वारसा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना गावातल्या सुतार, माळी, कुंभार अशा कसबी माणसांजवळ शिकावे, असे म्हटले आहे. म्हणजे १९३७ साली वर्ध्याला उपस्थित झालेला प्रश्न पुन्हा दारात उभा आहे. मुलांना हे शिकवणार कोण?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचे माग ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालले, त्या समाजाने या प्रश्नाला उत्तर द्यायला पुढे यायला नको का? आपला मुलगा किंवा मुलगी हाताने हुशार असेल, तर त्याला नापासांच्या रांगेत उभे करू नका. आय.टी.आय. झाल्यावर एका वर्षाचा शिल्प निदेशकाचा अभ्यासक्रम पूर्ण करता येतो, मुंबईतही त्याची राष्ट्रीय संस्था आहे. तेथून बाहेर पडणारा तरुण नुसता कारागीर राहत नाही, तो उस्ताद होतो. त्याच्या हाती हुनरही असतो आणि सनदही. ज्या गाठीपासून आपण सुरुवात केली, ती अशीच एका एका घरातून सुटणार आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी शाळेत कार्यानुभवाचा तास लागेल तेव्हा तो मोकळा तास समजू नका. समोर जे काम असेल त्याचा आधी विचार करा, आराखडा करा, मन लावून करा, आणि मग स्वतःच त्यातली चूक शोधा. झाकीर साहेबांना याहून चांगली श्रद्धांजली नाही. अल्लाह त्यांच्या कबरीवर रहमतीचा वर्षाव करो आणि आपल्या मुलांच्या हातांत बरकत देवो. आमीन.